पाच जणांचा एकच आवाज

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळा मंडळाच्या प्रमुख श्रीमती लोरेन टेसार, त्यांच्या शेजारी बसलेले मुख्य प्रशिक्षक श्री. प्रेंटिस, ज्यांना निरोप देण्यासाठी एवढं हॅम शिजवलंय ते आमच्या फळीचे कोच मिलो जेलिनेक, त्यांच्या पत्नी मिसेस व्लास्टा जेलिनेक, आणि लिपा गावातल्या सर्व जेवलेल्या आणि अजून जेवत असलेल्या मंडळींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. श्रीमती टेसार फोनवर म्हणाल्या, "ट्रॅव्हिस, जरा गोड बोल. कोचना गहिवरून आलं पाहिजे." त्यांना म्हणे लांब गेलेला माजी विद्यार्थी हवा होता. मी अलास्कात मासळीच्या कारखान्यात सॅमनची डोकी उडवतो. लांब गेलोय, एवढं खरं. पुढे गेलोय असं माझ्या आईनेही कधी म्हटलेलं नाही. अकरावी अर्धी टाकून पळालो, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. पण लिहून आणलंय, कारण तोंडी बोलायला लागलो तर गोड राहणार नाही. लिहूनही राहिलेलं नाही, ते आता ऐकालच.

माझ्या आधी चार जण बोलले. कोच वक्तशीर आहेत. कोच शांत आहेत. चर्चच्या छपराच्या कामाला कोच सगळ्यात आधी शिडीवर. अहो, छपरासाठी ठेवलं होतं का त्यांना? चौतीस वर्षं या माणसाने गावाचा संघ बांधला. तो कसा बांधला, यावर चौघांत मिळून एक वाक्य नाही! आणि सोमवारी मंडळाची सभा आहे, तिथे फळीच्या प्रशिक्षकाचं पदच रद्द करायचा ठराव येतोय, हे या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यावरही कोणी तोंड उघडलं नाही. म्हणजे आज आपण माणसाला निरोप देतोय की त्याच्या कामाला?

हसू नकोस, डेनी. मी चिडलोय.

पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगतो, कारण गेली दोन वर्षं गाव विसरलंय. आपल्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक एक. त्याचा फोटो पेपरात. त्याच्यापुढे ओणवी बसणारी पोरं पाच. ती अख्ख्या सामन्यात चेंडूला हात लावत नाहीत. समोरच्या दांडग्यांना अडवून धरतात, म्हणून त्या फोटोवाल्याला फेकायला तीन सेकंद मिळतात. ही आक्रमणाची फळी. चेंडू समोरच्यांकडे गेला की आपले चार दांडगे तेच तीन सेकंद त्यांच्याकडून हिसकावून घेतात. ती बचावाची फळी. कोचच्या मते संघ म्हणजे या दोन फळ्या. बाकीचे सगळे नंतर.

नंतर म्हणजे किती नंतर? ऑगस्टचे पहिले दोन आठवडे चेंडू कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मिसेस जेलिनेककडे. एका वर्षी एका क्वार्टरबॅकचे वडील मैदानात आले. नाव घेत नाही, ते तिसऱ्या टेबलावर बटाटे खातायत.

"कोच, माझ्या पोराच्या हातात चेंडू कधी देणार?"

"त्याच्यापुढे पाच जण उभे राहिले की."

"आणि नाही उभे राहिले तर?"

"तर मग त्याला चेंडू देणं म्हणजे तुमच्या घराण्याशी वैर धरणं होईल."

ती पाच पोरं कोच शोधायचे कुठे? दर गुरुवारी गुरांच्या लिलावात. गोऱ्हा दारातून उसळला की कोणतं पोर हाताने रेटतं आणि कोणतं कंबर खाली घेऊन एक पाऊल बाजूला टाकतं, एवढंच बघायचे. माझे दंड तेव्हा चांगले होते, मी ते दाखवत उभा होतो. कोच म्हणाले, "हात जेवताना सगळ्यांचेच चालतात. पाय दाखव." तेव्हा मी चौदा वर्षांचा. तेव्हा कोचना दिसत होतं.

आता त्या दिसण्यावर येतो. "सहा वर्षं एक आंधळा माणूस आपल्या पोरांना शिकवत होता," असं जे गावभर झालंय ते कोणी सुरू केलं हे मी विचारत नाही. व्यासपीठाकडेही बघत नाही.

मैदानावर एक लोखंडी गाडा होता. त्याला ओळीने पाच गाद्या. शिट्टी झाली की पाचही जणांनी एकदम धडक द्यायची आणि गाडा ढकलायचा. कोच गाड्याकडे पाठ करून उभे राहायचे. पाचांचा मिळून एकच आवाज आला पाहिजे. धप्प! दोन आवाज आले तर कोणीतरी आधी हललंय, आणि जिथे एक जण आधी हलतो तिथून समोरचा माणूस आत घुसतो. तो आधी हलणारा बहुतेक वेळा मीच. मी डावीकडे टोकाला, डेनी कुबिचेक उजवीकडे टोकाला. एकदा आम्ही गंमत म्हणून जागा बदलल्या. धडक दिली.

कोच वळलेसुद्धा नाहीत, माझ्या आडनावानेच गरजले. "व्होंद्रा, तू उजवीकडे काय करतोयस?"

"कोच, मी डावीकडेच आहे!" मी ठोकून दिलं.

"मग तुझा उतावळेपणा उजवीकडे का ऐकू येतोय?"

डेनीला भलताच संशय आला. तो पुढे गेला आणि त्यांच्या नाकासमोर दोन बोटं धरली.

"कुबिचेक, हात खाली घे. कांद्याचा वास येतोय."

वास आला, पण बोटं किती ते सांगितलं नाही. तेव्हा आम्हाला कळलं. कोच तिथेच गाड्यावर बसले आणि म्हणाले, "कडेचं दिसतं रे. मधलं गेलं. कोणाला सांगणार आहात?" आम्ही पाचही जण म्हणालो, "कोणालाच नाही." तेही एका आवाजात आलं. पुढच्या वर्षीच्या पोरांना आम्हीच सांगितलं आणि गप्प बसवलं.

मग सामन्याचं चित्रीकरण बघायचं कोणी? दर सोमवारी कोचच्या तळघरात आम्ही पोरं, ताटभर कोलाचे, म्हणजे मिसेस जेलिनेकचे जॅम भरलेले गोड पाव, आणि रिमोट मिसेस जेलिनेकच्या हातात. "ट्रॅव्हिस, तुझा उजवा पाय मागे पडला." कोच विचारायचे, "किती, व्लास्टा?" "वीतभर." "आणि कंबर?" "वर. घाबरलाय तो." या बाईंनी माझं घाबरणं पायावरून ओळखलंय, माझ्या आईला ते तोंडावरून कळलं नाही. दुसऱ्या दिवशी गाड्यावर तो वीतभर पाय कोच दुरुस्त करायचे. एकाने ऐकायचं, एकीने बघायचं. त्या वर्षी आपला क्वार्टरबॅक अख्ख्या मोसमात सात वेळा आडवा झाला. सात!

प्रेंटिस सर, तुम्ही दोन वर्षांपूर्वी आलात. फळीच्या सरावाचे दोन तास होते, त्यांची तुम्ही वीस मिनिटं केलीत. पहिल्या दिवशी चौदा चेंडू बाहेर काढलेत. गाडा शेडच्या मागे गेला, आता त्याच्यात गवत उगवलंय. गेल्या मोसमात आपला क्वार्टरबॅक कॉल्टन किती वेळा आडवा झाला? एक्केचाळीस. नऊ सामन्यांत. त्या पोराची आई इथे बसली आहे, तिला वेगळं सांगायला नको. आणि ठरावात काय लिहिलंय? फळीच्या प्रशिक्षकाची दृष्टी अधू असल्याने संघाचं नुकसान झालं. कोणाच्या दृष्टीने, सर?

गाडी कधीपासून मिसेस जेलिनेकच चालवतात, तरी कोचनी नोव्हेंबरात परवानाही स्वतःहून परत केला. दुसरा कोणी असता तर दोन वर्षं तसाच फिरला असता. तिथून बातमी फुटली आणि मंडळाने निरोपाची तारीख काढली. कोच म्हणाले, ठीक आहे, पद नको, मी गाड्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. उत्तर आलं, सरावाच्या वेळी बाहेरच्या माणसाला मैदानात परवानगी नाही, विम्याचे नियम आहेत. चौतीस वर्षांनी बाहेरचा माणूस! खुर्चीवर बसणार होते हो ते, उड्या मारणार नव्हते.

दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. दार उघडायच्या आधीच म्हणाले, "ये व्होंद्रा. मासे मारतोस म्हणे?"

"आमच्याकडे येतात तेव्हा मेलेलेच असतात, कोच."

"बरं आहे. तुझ्या आधी हलणारं तिथे कोणी नाही." मग म्हणाले, "जायचं मला काही वाटत नाही रे. ऑगस्टमध्ये पाच पोरं ओणवी बसतील आणि त्यांना ऐकणारं कोणी नसेल, तेवढंच."

तेवढंच, म्हणे. ते टाय बांधायला आत गेले आणि मी स्वयंपाकघरात मिसेस जेलिनेकसमोर बसलो. त्यांनी पाव ठेवायच्या डब्याखालून एक कागद काढला. फळीच्या प्रशिक्षकपदाचा अर्ज. महिनाभर तो तिथे होता. पूर्ण भरलेला, फक्त सही नव्हती.

मी म्हटलं, "अडलंय कुठे? मंडळ रागावेल म्हणून?"

"मंडळ गेलं खड्ड्यात. मिलोला काय वाटेल? त्यांचं गेलं आणि बायकोने घेतलं, असं?"

"त्यांना ऑगस्टची काळजी आहे. पदाची नाही."

त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. मग सही केली आणि म्हणाल्या, "आज बोलू नकोस. आज त्यांचा दिवस आहे. सोमवारी सकाळी मी स्वतः नेऊन देईन." मी शब्द दिला. कागद मात्र वाचायला घेतला तो माझ्याच खिशात राहिला. मिसेस जेलिनेक, तुम्ही पर्समध्ये शोधत होतात ना मघाशी?

श्रीमती टेसार, हा घ्या अर्ज. पद रद्द करण्याआधी आलेल्या अर्जाचा विचार करावा लागतो, असं तुमच्याच नियमपुस्तकात आहे. आणखी एक आहे. प्रशिक्षकाला आपल्या पसंतीचा एक विनावेतन मदतनीस मैदानात आणता येतो. तो मग बाहेरचा माणूस राहत नाही. मदतनिसाच्या डोळ्यांबद्दल अर्जात रकाना नाही. मी दोनदा वाचला, आणि मला वाचायला वेळ लागतो.

काय म्हणालात, कोच? "व्लास्टाला विचारलंस का?" विचारलं, कोच. सही त्यांचीच आहे. मदतनिसाच्या जागी तुमचं नावही त्यांच्याच अक्षरात आहे, महिनाभरापूर्वीच्या शाईत.

आता संपवतो. पाच मिनिटं केव्हाच उलटली. मिसेस जेलिनेक, तुम्हाला दिलेला शब्द मी चार तासही पाळला नाही, रागवा. कोच, दुपारभर तुमच्यापासून लपवलं, पुन्हा असं होणार नाही. प्रेंटिस सर, मी पाहुण्याला शोभेलसं बोललो नाही. पण कॉल्टनच्या आईपुढे याहून सभ्य मला सुचलं नाही. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाचं नको तिथे आलं असेल, तर लहान समजून पदरात घ्या. स्वयंपाक करणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि मला इतक्या लांबून बोलावण्याची चूक करणाऱ्या मंडळाचे मनापासून आभार.

श्रीमती टेसार, अर्जाची पोच द्या. आजची तारीख घालून. पेन माझ्याकडे आहे. पोच मिळाली की खाली बसतो.