तळाशी जड

...बरं, परक्याने दगा दिला तर माणूस समजू शकतो, पण स्वतःच्या हातांनी केलेलं कपाट अंगावर यावं? तुम्हाला सांगतो, शाळा चौथीत सुटली, पुढे जन्मभर सुतारकाम केलं, पण एक नियम कधी मोडला नाही. तळाशी जड, माथ्याला हलकं! वस्तू असो, माणूस असो, पडत नाही.

जावई शेजारच्या गल्लीत राहतो. मागे म्हणाला, "मामा, कपाट उंच आहे, भिंतीला दोन स्क्रू मारून ठेवू?" म्हटलं, "जावईबापू, आधार लंगड्याला लागतो! चार खणांचं कपाट, सगळ्यात खालच्या खणात माझी अवजारं, हातोडे, पटाश्या, शिकंजे, सगळं लोखंड... हत्तीने ढकललं तरी हलायचं नाही!" स्क्रू खिशात टाकून गेला बिचारा.

आणि परवा? पटाशी हवी म्हणून खाली बसलो. बसलो म्हणजे काय, गुडघे कुरकुरत, कपाटाला धरत, एकदाचा टेकलो... खालचा खण ओढला, तर आत शाली! माझ्या खणात शाली! तो तसाच उघडा टाकला, वरचा ओढला. चादरी! त्याच्या वरचा, लोकरीचे गुंडे! डोकं तापलं, कसाबसा उठलो, माथ्याचा खण दोन्ही हातांनी खसकन ओढला... आणि सापडलं की हो लोखंड! सगळंच्या सगळं! चारही खण बाहेर, वजन निघालं कपाटाच्या पायांच्या पुढे, आणि वजन एकदा पायांबाहेर गेलं की वस्तू मालक ओळखत नाही. कपाट सावकाश वाकलं. नमस्काराला वाकावं तसं.

छाती लावून धरलं. सोडावं तर चिरडतो, रेटावं तर जोर नाही, ओरडावं तर... ओरडणार कोण, मी? तेवढ्यात बायको दारात.

"अगंबाई! या वयात कपाटाला कसली मिठी मारताय?"

"लोखंड वर कोणी नेलं?"

"मी. एकेक करून नेलं."

"मला न विचारता? अगं, तळाशी जड..."

"...माथ्याला हलकं! जन्मभर ऐकतेय. खाली बसलात की उठताना भिंतीकडे तोंड करून कण्हता, ते कळत नाही का मला? विचारलं असतं, तर हो म्हणाला असतात?"

कपाट फितूर, बायको फितूर, गुडघे तर कधीचेच फितूर!

तिने हाक मारली, जावई धावत आला. खांदा लावून कपाट सरळ केलं, एकेक खण आत ढकलला. हसला नाही. हसला असता तर बरं होतं, भांडता तरी आलं असतं! आणि येताना ड्रिल घेऊनच आला होता, बघा म्हणजे!

"मामा, मारू स्क्रू?"

"मार."

बायको विचारते, "आणि अवजारं? ठेवू परत खाली?"

तुम्हाला सांगतो, नियम माझाच खरा. तळाशी जड, माथ्याला हलकं. पण तळापर्यंत पोचायला नको का...

म्हटलं, "राहू दे वरच."