गाऊन सांगितलेलं नाव

अडखळत बोलणाऱ्या मुलांचा विषय निघालाच आहे, तर ऐका. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवला मी बनारसला, दशाश्वमेधजवळच्या एका प्राथमिक शाळेत गाणं शिकवायचे. तिसरीतली सुमन बोलताना फार अडखळायची, पण गाताना शब्द सरळ यायचे. मी तिला म्हटलं, "बेटा, जो बोलना है, गाकर बोलो." मग ती हजेरीसुद्धा गाऊन द्यायला लागली, मुलींमध्ये खेळायला लागली.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी नाव विचारलं. सुमननं ते गाऊन सांगितलं.

साहेब हसले. "ये स्कूल है कि नौटंकी?"

सगळा वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी गाण्याच्या तासाला तिचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते. मी पेटी सोडून उठले आणि तिच्याजवळ जाऊन वाकले. आवाज येत नव्हता.