शिजलेला कॉड आणि मी

आदरणीय अध्यक्षा हेर्बोर्गबाई, मंचावरील मान्यवर, संस्थेतील सहकारी, आणि केकजवळच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या माझ्या जुन्या बोटकरी मित्रांनो,

अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं, की आर्क्टिकमधल्या त्या बेटावरचा उपसागर म्हणजे एका बाजूने ढासळलेलं ज्वालामुखीचं विवर आहे, हे इंग्वाल सोर्हाइम यांनी, म्हणजे मी, शोधून काढलं. ऐकून बरं वाटलं. स्वतःबद्दलचं खोटं कोणाला आवडत नाही?

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी तिथे दगड फोडत हिंडत होतो. उपसागर हिमनदीने कोरलाय, असं येताजाता सगळ्यांना ऐकवत होतो. पाण्यात थर्मामीटर बुडवला, दोन अंश, म्हणजे ज्वालामुखी नाहीच. झालं, विषय संपला. तळावरच्या स्वयंपाकीण गुडवेगबाईंनी, आम्ही सगळेच करायचो तसा, थंड राहावा म्हणून कॉड मासा ओहोटीच्या काळ्या वाळूत पुरला. सकाळी उकरला, तर शिजलेला.

"इंग्वाल, वाळू खालून गरम आहे. हात तरी लावून बघ," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही चुलीचं बघा, दगडांचं मी बघतो."

असं म्हणून मी तो मासा दोनदा वाढून घेतला, आणि वर लेखी तक्रार केली, की ही बाई मासे नासवते. पुढच्या वर्षी त्यांना कामावर घेतलं नाही. तीन वर्षांनी मी तिथेच खड्डा खणला, वाफ आली, लेख छापला, उपसागराला माझ्या गुरुजींचं नाव दिलं. लेखात माशाचा उल्लेख नाही. अहो, पुरावा मीच खाल्ला होता ना.

गेल्या महिन्यात मी नामकरण समितीला लिहिलं, गुडवेगबाईंचं नाव द्या. उत्तर आलं, हयात व्यक्तीचं नाव देता येत नाही. बाईंना फोन केला.

"म्हणजे माझ्या मरणाची वाट बघतोस होय रे?" त्या म्हणाल्या. "मला नको तुमचा उपसागर. माझं काम त्या कागदाने गेलं. तो मागे घे, चारचौघांत."

त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. गुडवेगबाई, ती तक्रार मी सगळ्यांसमोर मागे घेतो. तुमचा मासा नासला नव्हता. बेट खालून तापलेलं होतं, आणि ते आधी तुम्हाला कळलं. मला लाज वाटते.

आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते तुम्ही पोटात घालाल. बाकीची माफी एकट्या गुडवेगबाईंच्या हातात आहे. त्या मान हलवताहेत. हो म्हणताहेत की नाही, इथून दिसत नाही. मी खाली येऊन विचारतो.