आमच्यात ऑफ म्हणत नाहीत

आमचं गाव मालवणकडलं, समुद्रापासून जरा आत, पण गावाचं काय सांगू तुम्हाला, मी आठवीत गटांगळी खाल्ली आणि मामा मला मुंबईला घेऊन आला, घाटकोपरला असल्फाच्या डोंगरावर त्याची खोली होती तिथे माझी पथारी पडली ती पडलीच. मामा गिरणीत म्हणून मी गिरणीत. लग्न गिरणीच्या पगारावर, पोरगी झाली तीही गिरणीच्या पगारावर. मग संप झाला. संपाचं मी बोलत नाही, सगळ्यांनी बोलून झालंय. एवढंच, की आमच्या गिरणीचं दार परत उघडलं नाही, आमची ही लोकांचे डबे करून द्यायला लागली आणि मी घरात बसून राहिलो. पुरुषमाणूस दिवसा घरात बसला ना, की भिंतीसुद्धा टोमणे मारतात हो.

गाडी मला येत होती. मामाच्या दोस्ताच्या टेम्पोवर हात साफ केलेला, लायसन काढलेलं. त्याच्या जोरावर सहारला विमानतळाजवळ एका हॉटेलात व्हॅनवर चिकटलो. काम सोपं, विमानतळावरनं पाहुणे आणायचे आणि विमानतळावर नेऊन सोडायचे. पण पाहुणे सगळे फॉरेनचे! मॅनेजर मंगळूरचा, तापट, तो पहिल्याच दिवशी म्हणाला, बघ, आत्ता तू टेम्परवारी, पाहुण्याशी इंग्रजीत चार शब्द नीट बोललास तर पर्मनंट करतो, नाही तर रामराम. आता माझं इंग्रजी म्हणजे येस, नो आणि ओके, आणि तेसुद्धा घाम पुसत पुसत. घरी हिला सांगितलं तर ती डब्याच्या पोळ्या लाटता लाटता म्हणते, मगे शिका, हाती-पायी धड आसास मां? असं बोलली खरी, पण तिचा चेहरा बघितला आणि कळलं, ही नोकरी गेली तर ही काही बोलणार नाही, आणि तेच मला सोसणार नाही.

आणि पहिल्याच आठवड्यात काय झालं, ऐका. एक गोरं जोडपं आणलं, व्हॅन हॉटेलच्या दारात लावली, मागे वळून मोठ्या आवाजात म्हटलं, गेट डाऊन प्लीज! आपण उतरायला तेच म्हणतो ना? तर दोघंही धपकन सीटच्या खाली. डोक्यावर हात धरून! त्यांना वाटलं बाहेरून कोणी दगड मारतोय नाही तर गोळी घालतोय. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी आणखी जोरात, गेट डाऊन, गेट डाऊन! तर ती आणखी खाली. शेवटी दरवानाने दार उघडून त्यांना बाहेर काढलं. लागली ना वाट! सगळ्या स्टाफमध्ये माझं नावच गेटडाऊन पडलं, ए गेटडाऊन, चहा घेणार काय.

पण दरवान माणूस चांगला. मरोळ गावठाणातला, क्रिस्ताव. तो म्हणाला, आमच्या शेजारी फिलोमिना आंटी आहे, टेलिफोनवर ऑपरेटर होती, आता रिटायर झाली, तिच्याकडे जा, ती दगडालाही इंग्रजी शिकवेल. मी म्हटलं, मग माझ्यासाठीच आहे ती. गेलो. आंटी लहानखुरी, आवाज मात्र असा की विहिरीपलीकडली कोंबडी दचकेल. फी विचारली तर म्हणाली, फी कसली रे बाबा, पावसाआधी माझी कौलं शाकारून दे. मी कौलं शाकारली, आणि आमची ही कधीकधी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं पाठवायची, त्यावर तर आंटी खूश.

आंटी म्हणायची, इंग्रजीत एकेका शब्दाला शेपटी असते, शेपटी बदलली की जनावर बदललं. एक गेट घे. गेट इन म्हणजे गाडीत बस, गेट आउट म्हणजे गाडीतनं उतर, गेट ऑन बसमध्ये चढ, गेट ऑफ बसमधनं उतर. पिक अप म्हणजे आणायला जा, चेक इन, चेक आउट, असं सगळं. अंगणातली खाट ही आमची व्हॅन. आंटी पिशवी घेऊन मागे मडमेसारखी बसायची, मी पुढे स्टुलावर, हातात ताटली, तेच स्टिअरिंग. गावठाणातल्या बायका पाणी भरायचं सोडून बघत उभ्या राहायच्या. एक तर म्हणाली, आंटी, आम्हाला पण घेऊन चल गं चर्चपर्यंत!

पण गेट आउट काही माझ्या तोंडातनं निघेना. अहो, गेट आउट हे आम्हाला गिरणीतला मुकादम म्हणायचा, ते मी पाहुण्याला कसं म्हणू? आंटीने विचार केला नि म्हणाली, बरं, तू दार उघड, हात पुढे कर आणि म्हण हिअर वी आर. ते जमलं. खरी पंचाईत पुढेच झाली. ड्रॉप ऑफ, सी ऑफ, सेट ऑफ, टेक ऑफ, जिकडे बघावं तिकडे ऑफ! मी म्हटलं, आंटी, हे बरं नाही, आमच्यात ऑफ म्हणजे माणूस वारला. सकाळी नळावर गेलं की कोणीतरी सांगतंच, अरे तो खालच्या चाळीतला म्हातारा ऑफ झाला. आणि तुम्ही सांगता पाहुण्याला सोडलं की आयॅम ऑफ म्हण? मी काय ड्युटीवरच मरू? आंटी हसून हसून खाटेवर आडवी. म्हणाली, अरे, म्हणजे मी निघालो एवढंच! मी म्हटलं, निघालो, जातो, असलं आमच्यात कोणी बोलत नाही, येतो म्हणतात. घरी हिला सांगितलं तर ती भडकलीच, शिरा पडो त्या इंग्रजीच्या तोंडार, घरातसून भायर पडताना असला अभद्र बोलूचा नाय!

मग मी माझीच युक्ती काढली. येतो म्हणजे काय, आय कम. पाहुण्याला सोडायचं, सामान उतरवायचं, हात जोडायचे, ओके सर, आय कम! लोक हसायचे, मान हलवायचे, आत जायचे. मला वाटायचं, झकास.

एक दिवस दुपारच्या विमानाची एक म्हातारी मडम, एकटी, काठी घेऊन चालणारी. तिला विमानतळाच्या दारापाशी सोडलं, बॅग ठेवली, म्हटलं, ओके मॅडम, आय कम. ती म्हणाली, थँक यू, थँक यू, आणि मी गेलो. हॉटेलवरनं दुसरे पाहुणे घेऊन परत आलो, बघतो तर काय, बाई तिथेच! बॅगेवर बसलेली, उन्हाने लालबुंद. मला बघून म्हणाली, यू सेड यू वुड कम. तिला वाटलं मी गाडी लावून येतो आणि तिची बॅग आत नेतो! व्हॅनमधले पाहुणे तसेच सोडले, बॅग खांद्यावर मारली, एका हाताने तिला धरलं आणि सुटलो. पोलिसाने अडवलं, पण म्हातारीची अवस्था बघून सोडलं. काउंटरवर आपली मराठी पोरगी, ती म्हणाली, काका, चेक इन बंद झालं. मी म्हटलं, बाय माझे, हिला पाठव गो, मी येतो म्हटलं म्हणून ती थांबली. ती समजली, तिने फोन उचलला आणि म्हणाली, पळवा त्यांना.

म्हातारी निघता निघता विचारते, व्हाय डिड यू से दॅट? आता काय सांगू! म्हटलं, मॅडम, माय लँग्वेज, गो बॅड. गो, नो कम बॅक. कम, देन कम बॅक. एवढं बोलून मला रडूच फुटलं. ती थांबली, काठी काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, आय कम. मग गेली आत.

इकडे व्हॅनमधल्या पाहुण्यांनी तक्रार केलीच. मॅनेजरने बोलावलं, मी सगळं खरं खरं सांगितलं, ऑफपासून. आता गेली नोकरी, हिला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. तर हा तापट माणूस टेबलावर डोकं ठेवून हसतोय! म्हणाला, अरे, आमच्या घरी पण जाताना येतोच म्हणतात, माझी आई तर जातो म्हटलं की परत आत बोलवायची. त्याच महिन्यात मला पर्मनंट केलं. फक्त हुकूम दिला, यापुढे आय कम बंद, हॅपी जर्नी म्हणायचं आणि गप बसायचं. संध्याकाळी हिला सांगितलं, तर तिने चूल विझवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे बाहेरून जेवण आलं.

रिटायर होईपर्यंत हॅपी जर्नी म्हटलं. पण त्याने माझं समाधान होत नसे, म्हणून पाहुणा आत शिरला की मी स्टिअरिंगवर हात ठेवून मनातल्या मनात आपलं गाऱ्हाणं घालायचो, गावी देवळात एक जण देवाकडे मागतो आणि बाकीचे होय म्हणतात ना, तसं. आंटी गेली, तो मॅनेजर गावाला गेला, गुडघे माझेही गेले, पोरगी सुखात आहे, आणखी काय पाहिजे. आता दारात खुर्ची टाकून बसतो. आमच्या डोंगरावरनं विमानं अशी डोक्याला खेटून जातात की बोलणं थांबवावं लागतं. हे बघा, आलंच एक. बा देवा म्हाराजा, ह्येच्यात जो कोण बसलो हा तेका सुखरूप पोचव, आणि जसो गेलो तसो परत घराक घेवन ये रे म्हाराजा! आणि ऐकलंत? आतून, भाजी चिरता चिरता, ही म्हणते, होय म्हाराजा.