शंभर तास वाजवला की खुलतो

...नाय, काढता येतो हो, हातानं काढता येतो, कानावरनं उचलला की निघाला, पण काढला रे काढला की आतनं आमची बायको विचारायची, "काढलात काय?" आणि ते अशा आवाजात विचारायची की माणूस आपला गुपचूप परत चढवायचा. तुम्हाला सांगतो, कंपनीत बत्तीस वर्षं काढली, कंप्रेसरच्या खोलीत, तीन शिफ्टमध्ये, पण असा अडकलो नव्हतो कुठं.

हेडफोन म्हणे. मला वाटलं ती बारकी वायर असते, कानात बोंडं घालायची, तसलं काय असेल. हे कसलं? दोन बाजूला दोन थालीपिठं आणि वरनं पट्टी. घातलं की फिटर वाइसच्या लोखंडी जबड्यात पाईप धरतो तसं डोकं धरून ठेवतं. आमच्या पुतळीनं पाठवलं, पुतळी म्हणजे मुलगी, ठाण्याला दिलीय. तिला आईनं फोन केला होता, मला न सांगता. काय तर म्हणे तुझे बाबा रिटायर झाल्यापासनं सकाळी पाचला मोबाईलवर भजन लावतात, आणि एवढं मोठ्यानं की मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नायत, परवा वालाच्या सात शिट्ट्या झाल्या, त्याचं पिठलं झालं. आता माझा कान जरा जड आहे, कंप्रेसरजवळ उभा राहून कुणाचा हलका राहील? पण बाईला वालाचं पडलेलं. चार दिवसांत खोका दारात.

पहिल्या दिवशी घातला, आणि काय सांगू तुम्हाला... झांज म्हणजे कुणी स्टीलच्या ताटात चमचे ओततंय. पखवाज म्हणजे रिकामा खोका. आणि बुवांचा आवाज? बुवा पाण्याच्या टाकीत पडलेत आणि तिथनं देवाला हाका मारतायत. मी पुतळीला फोन लावला, म्हटलं बाय गो, हे बिघडलेलं आलंय, परत कर. तर म्हणते, "बाबा, सवय होईल." मग जावयानं फोन घेतला. जावई हुशार, त्यानं मला समजावून सांगितलं की नवीन हेडफोन आखडलेला असतो, तो शंभर तास वाजवावा लागतो, मग तो खुलतो. मी म्हटलं खुलतो म्हणजे? तर म्हणे आतला पडदा सैल होतो, आवाज उमलतो. मग परत पुतळी. "बाबा, सवय होईल."

आता हे दोन्ही एकदम कसं होईल, मला सांगा. तो सैल होणार की मला सवय होणार? हा प्रश्न मी जावयाला विचारला, तर तिकडे रेंज गेली.

पण सवयीचं मला माहीत आहे. कंपनीत लागलो तेव्हा पहिला आठवडा कंप्रेसरचा आवाज घरी येऊनसुद्धा डोक्यात चालू, जेवताना चालू, झोपेत चालू. सुपरवायझर म्हणाला, सवय होईल. महिन्यानं झाली. आणि मग सुट्टीच्या दिवशी घरात एवढं गप्प वाटायला लागलं की झोप लागेना. म्हणजे सवय झाली म्हणजे काय झालं? आधी आवाजात अडकलेलो, नंतर आवाजाशिवाय अडकलो, एवढंच ना?

बरं. रोज तीन तास धरले तर शंभर तासाला तेहेतीस दिवस. मी कॅलेंडरवर रेघा मारायला लागलो. कान गरम व्हायचे, घाम यायचा, चष्म्याची काडी कानामागं रुतायची. दारात माणूस आला तर कळायचं नाय, चंद्रावती... चंद्रावती म्हणजे बायको... ती समोर उभी राहून हातवारे करायची आणि मी उचलून विचारायचो काय, तर ती म्हणायची काय नाय. ती मजेत होती हो. तिचा वाल तीन शिट्ट्यांत शिजत होता. आमच्या अष्टमीत, म्हणजे रोह्याच्या पुलापलीकडच्या आमच्या गावात, ज्याला ज्याला सांगितलं तो म्हणाला सवय होईल. दुकानदार म्हणाला. शेजारी म्हणाला. पुलावर रोह्याकडनं येणारा एक माणूस, ज्याचं नाव मला माहीत नाय, तो म्हणाला.

आणि तुम्हाला सांगतो, झाली. विसाव्या की एकविसाव्या दिवशी, सकाळीच, झांज एकदम झांजेसारखी वाजली. पखवाजाला पोट आलं. बुवा टाकीतनं बाहेर आले, अंग पुसून माझ्यासमोर बसले आणि गायला लागले. गाताना मध्ये श्वास घेतात ना, तो श्वास ऐकू आला मला. टाळकऱ्यांतला एक जण खोकला, तो डाव्या हाताला बसलाय हेसुद्धा कळलं. बत्तीस वर्षांत मी असं काय ऐकलं नव्हतं. मी रडलो, खोटं कशाला बोलू. पुतळीला फोन करून सांगितलं, खुलला गो खुलला.

तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण माणूस थांबतो का?

आता तुम्हाला एक जुनं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाय. मी मूळचा जित्याचा, पेणच्या पुढं गाव आहे. आमचं भजनी मंडळ होतं, मी गाणारा, आणि पेटीवर जगन. आमच्याकडे बुवा बहुतेक स्वतःच पेटी घेऊन बसतो, पण मला पेटी येत नाय, आणि जगनला पुढं बसायची लाज, म्हणून आमचं जमलं. चौऱ्याऐंशी साली गागोद्याला सप्ताह होता, शेवटच्या दिवशी दुपारी भजनांची स्पर्धा. सात मंडळं. आमचा नंबर शेवटचा. आणि त्या दिवशी, गजर टिपेला गेलेला असताना, मी वरचा सा लावला. बावीस सेकंद. घड्याळ लावून मोजलाय मी नंतर, टेपवरनं. जगनच्या मेव्हण्यानं बाहेरदेशातनं टेपरेकॉर्डर आणलेला, त्यानं भरून घेतलेलं सगळं. मंडपात माणसं उठून उभी राहिली, आमचा पहिला नंबर आला, आणि त्या गर्दीत चंद्रावतीचा बाप बसला होता. आठव्या दिवशी तो आमच्या दारात. म्हणाला, असा सूर ज्याच्या गळ्यात आहे त्याला माझी पोर द्यायचीय.

म्हणजे माझं लग्नच त्या सुरावर झालेलं. आणि ती कॅसेट मी अडतीस वर्षं वाजवतोय. गणपतीत वाजवली, बारशात वाजवली, कंपनीच्या निरोपसमारंभात वाजवली. जावयानं ती हल्लीच मोबाईलमध्ये घालून दिलेली. तर मी म्हटलं, आता हेडफोन खुललाय, आता आपला वरचा सा ऐकू या.

लावला. डोळे मिटले. गजर चढला. माझा आवाज वर गेला, गेला, गेला... आणि कर्रर्र. सायकलचा ब्रेक लागतो ना ओल्या चाकाला, तसा. मग अर्धा श्वास काय नाय. मग अगदी जवळनं, कानात बोलल्यासारखं, बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "ऱ्हा, मी घेतो." आणि मग वरचा सा. बावीस सेकंद. जरासा नाकातला.

माझ्या नाकात नाय हो आवाज. नाकात जगनच्या आहे.

मी परत लावला. कर्रर्र, ऱ्हा मी घेतो, सा. परत लावला. तेच. हेडफोन काढला आणि जुन्या टेपवर मूळ कॅसेट लावली, जिच्यावर अडतीस वर्षं माझा सूर ऐकला होता मी, तर तिच्यावरसुद्धा तेच. अहो, एकदा कानाला कळलं की कळलं! आता ते मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू येतं, नुसतं मनात आठवलं तरी ऐकू येतं. मागं जायला रस्ताच नाय. पुतळीनं फोन केला, कसं चाललंय बाबा, सवय झाली ना?

झाली म्हटलं.

तुम्ही म्हणाल, तुझं तुला त्या वेळी कळलं कसं नाय? मीही तेच विचारत बसलो दोन दिवस. पण असं बघा, मी डोळे मिटलेले, तोंड उघडलेलं, छाती भरलेली, कानाशी झांजा, आणि सूर लागला. सगळा मंडप म्हणतोय सूर लागला. आता आपलं तोंड उघडं असताना जो सूर लागला तो आपला नाय, असा संशय कुणाला येईल?

तिसऱ्या दिवशी गाडीत बसलो आणि रोह्याहून जित्याला गेलो. भांडायलाच गेलो. कासू कधी गेलं, पेण कधी आलं, काय कळलं नाय, डोक्यात एकच, या माणसानं माझा सूर चोरला. आता सूर त्याचाच, तर चोरला कसा, हे हमरापूरच्या आसपास लक्षात आलं, पण राग आलेला होता तो आलेलाच होता.

जगन अंगणात वाल सोलत बसलेला. हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि ती जागा लावली. तो बिचारा आधी दचकला, मग हातातला वाल तसाच धरून बसला. कर्रर्रला त्यानं माझ्याकडे बघितलं. वरचा सा आला तसे त्यानं डोळे मिटले. संपल्यावर मला वाटलं आता माफी मागेल, नायतर नाकारेल, मी दोन्हीची उत्तरं ठरवून गेलेलो. तो म्हणाला, "परत लाव."

परत लावलं. तो परत म्हणाला, परत लाव. पाच वेळा. माणूस भांडायला गेलेला, आणि दुसऱ्याच्या अंगणात उभा राहून त्याचाच सूर त्यालाच ऐकवतोय. मला बसही म्हटलं नाय. मग हेडफोन काढून त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि हळूच विचारलं, "एवढा बरा लागला व्हता?"

त्याला माहीतच नव्हतं हो. त्याला वाटत होतं, अडलेल्या वेळी कसातरी धकवून नेला. कॅसेट लागली की मी माझीच गोष्ट एवढ्या जोरात सांगायचो की त्याला त्याचा सूर कधी धड ऐकूच आला नव्हता.

मी खाली बसलो. म्हटलं, जगन, अडतीस वर्षं बोलला का नायस?

"कवा बोलू?" तो म्हणाला. "नंबर मंडळाचा आला, तवा बोलायचं कारण नव्हतं. आठ दिसांत तुझं लगीन ठरलं. मग काय हळदीत येऊन सांगू, का सूर माझा हाय? मंग पुतळी झाली. मंग तर नायच."

आणि परत वाल सोलायला लागला. थोड्या वेळानं मीही सोलायला लागलो. भांडण काय झालं नाय. जाताना तो म्हणाला, वहिनींना सांगू नको, उगाच त्यांच्या जीवाला लागेल.

आता बघा, झाली का पंचाईत? सांगावं तर संसार त्या सुरावर उभा. न सांगावं तर रोज सकाळी ती समोर, आणि माझ्या कानात कर्रर्र. चार दिवस मी नीट जेवलो नाय. तिच्या बापानं गळा बघून पोरगी दिली आणि गळा दुसऱ्याचा निघाला, म्हणजे ही फसवणूकच की. बाई बिचारी अडतीस वर्षं माझ्याबरोबर संसार करतेय, तिला कळलं तर काय वाटेल? पाचव्या दिवशी ती जवळा, ती बारकी सुकी मासळी, निवडत बसलेली, मी समोर बसलो, हेडफोन काढून मांडीवर ठेवला, आणि सगळं सांगून टाकलं. जावयाचे शंभर तास, कर्रर्र, जगन, सगळं.

तिनं मान वर केली नाय. म्हणाली, "माहीत हाय."

म्हटलं काय माहीत आहे?

"मी बायकांत पुढंच बसलेली. माझा बा डोले मिटून डुलत व्हता, त्याला काय दिसतंय? मला दिसत व्हतं ना. तोंड तुमचं उघडं, नि आवाज पेटीवाल्याचा."

म्हटलं, गो, मग तू हो कशी म्हटलीस?

तेव्हा तिनं वर बघितलं. म्हणाली, "म्हटलं, एवढं तोंड उघडं हाय नि आवाज काय येत नाय. असा नवरा मिलतोय, तर नाय कशाला म्हना?"

मग जवळ्यातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मला काय ठावं, आवाज नाय यायचा तो एकच दिवस व्हता."

आणि माझ्या मांडीवरचा हेडफोन उचलून तिनं स्वतःच्या कानाला लावला. तेव्हापासनं तो तिच्याकडेच आहे. स्वयंपाक करताना घालते, दुपारी घालते, मी खुर्ची ओढून समोर बसलो की आधी घालते. मी एकदा वाकून बघितलं, काय ऐकते एवढं, तर मोबाईल कपाटावर आणि वायर अशी नुसती लोंबतेय. काय म्हणजे काय लावलेलं नसतं त्यात.

म्हणून तर तुम्हाला सांगतोय.