सदतिसावा फोटो

उमेंद्र : पुन्हा मुंडकं कापलं. हे स्कॅनचं मशीन आपल्या मनानं फ्रेम धरते, अंजनाबाई.

अंजना : मुंडकंच पाहिजे जी मले. पोरीच्या, रचनाच्या लग्नात तिच्या बापाचा फोटो मांडाचा आहे. बाकीचा गुलाब घेऊन काय करू?

उमेंद्र : नव्व्याण्णवच्या मंडईच्या जत्रेत मीच काढला होता हा. रोल फिरवाचा खटका खराब होता, म्हनून सारे फोटो एकमेकाले चिकटून आले. थांबा, ऑटो बंद करून हातानं सरकवतो. हे पाहा, आले गुलाबभाऊ.

अंजना : हिरवा दिसून राहिला.

उमेंद्र : निगेटिव्ह नऊ वर्षं पेटीत पडून होती ना. हिरवा कमी करतो. आता?

अंजना : आता मानूस वाटते. त्याच्या बाजूले अर्धा कोनाचा आहे?

उमेंद्र : कचरा असंन. छत्तीसचा रोल, पन शेवटी एखादा अर्धा निघते. लॅबवाले तो छापत नाहीत.

अंजना : तिकडं सरकवा जरा.

उमेंद्र : मंडईत मारामारी लागली तेव्हा कोनीतरी मले ढकललं. बटन दबलं असंन. पोलिसाले मी सांगतलं, रोल संपला होता. काटा छत्तीसवर होता, मलेही तसंच वाटलं.

अंजना : हे कुऱ्हाड आहे.

उमेंद्र : बंद करू का?

अंजना : नको. पिवळा शर्ट पाहा. कोर्टात हेच सांगतलं मी. मले पाठच दिसली, पन पिवळा शर्ट सुखरामचा होता. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून रोज भांडे आमच्यासंगं. जन्मठेप झाली. सडू दे तिकडंच.

उमेंद्र : बाई, याच्यात सारंच पिवळं आहे. खाली पडलेल्या गुलाबभाऊचा पायजमाही पिवळा. फ्लॅश पडला नाही. हॅलोजनच्या उजेडात पांढरं पिवळंच दिसते.

अंजना : मंग काढा पिवळा.

उमेंद्र : पायजमा पांढरा धरून काढतो. शर्टही पांढराच निघाला, बाई.

अंजना : तोंडावर उजेड वाढवा.

उमेंद्र : राहू द्या ना.

अंजना : वाढवा म्हनलं ना.

उमेंद्र : हे तं बाहेर गाडीवर बसले आहेत ते.

अंजना : विवेक, आत ये.

विवेक : झालं का, बाई? तिरोड्यातच दुपार केली तू.

अंजना : हा कोन आहे?

विवेक : बंद कर रे तो टीव्ही.

अंजना : तूच आहेस हा, माझा भाऊ. किती घाव घातलास रचनाच्या बापाले?

विवेक : मोजले नाही. पहिल्यातच पडला, मंग हात थांबला नाही. त्या दिवशी दुपारी मंडपाच्या पडद्यामागं तुझे केस धरून डोस्कं बांबूवर आपटून राहिला होता. रचना उभी होती तिथं. मी पाहत बसलो असतो का?

अंजना : मार मी खात होती. सुखरामनं काय केलं होतं?

विवेक : त्याचं नाव तू घेतलं. मी नाही.

अंजना : अन् तू चूप बसलास. नऊ वर्षं माझ्या हातचं जेवलास.

विवेक : मी आत गेलो असतो तं तुम्हाले कोन पोसलं असतं? आठ दिवसावर लग्न आहे पोरीचं. सरक.

(विवेक स्टूल उचलून मॉनिटरवर घालतो. मग निगेटिव्ह खेचून काडी लावतो.)

विवेक : संपला फोटो. उमेंद्र, तुझ्या तोंडून शब्द निघाला तं तुलेही गुलाबसारखं पाडीन. मी गाडी काढतो, बाई. ये लवकर.

उमेंद्र : गेले. तुमच्या कपाळात काच घुसली, रक्त येऊन राहिलं.

अंजना : येऊ द्या. गेला का तो फोटो?

उमेंद्र : खोटं सांगनार होतो तुम्हाले. गेला नाही. त्यानं नुसता पडदा फोडला. स्कॅन झाला तेव्हाच टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात जमा झाला. पन लग्न होऊन जाऊ द्या, बाई. तो मारंन मले.

अंजना : सुखरामची माय आहे ना, धुरपता. रस्त्यात भेटली की मी तिच्यासमोर थुंकते. नऊ वर्षं. म्हातारी बाजूले होते अन् जाते, एक शब्द बोलत नाही.

उमेंद्र : ते हॉर्न वाजवून राहिले.

अंजना : वाजवू द्या. दुसरा टीव्ही आहे का घरी?

उमेंद्र : आहे. आनतो मी. पन पोरीच्या लग्नात मामा म्हनून कोन उभा राहीन?

अंजना : कोनी नाही. छापा तुम्ही.