घट्ट झालेल्या बांगड्या

मी शेवंता. आम्ही मूळचे खानदेशातले, धरणगावकडचे. लग्न झालं तशी सुरतेला आले ती इथंच लिंबायतमध्ये राहिले, मालक लूमवर होते, आता मुलगा पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये जातो, आणि मी नि सून कविता घरी साड्यांचं काम करतो, ती टिकल्या चिकटवते, मी धागे कापते.

कविताला दिवस गेले तेव्हा काय सांगू तुम्हाला, मी तिला नुसती खाऊ घालत सुटले, भाकरीवर तूप, भातावर तूप, ती म्हणायची आत्या बस, मी म्हणायची दोन जिवांची आहेस, खा. पाय सुजले, तोंड भरलं, तर मी गल्लीत सांगत फिरले, बघा माझी सून कशी अंग धरतेय. दवाखान्याची तारीखसुद्धा मीच चुकवली, म्हटलं साड्या द्यायच्यात, पुढच्या आठवड्यात जाऊ. मग एक दिवस ती म्हणाली, आत्या, डोकं दुखस, डोयासमोर चमकस. मी म्हटलं, दिवसभर टिकल्यांकडे बघशील तर चमकेलच, जरा पड. असं म्हटलं हो मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी कासारीण आली, मंगलाबाई, सातव्या महिन्याच्या ओटीचा हिरवा चुडा भरायला. पाचव्यातही तिनंच भरलेला, तिला कविताचा हात ठाऊक. हात धरला आणि थांबलीच. जुन्या बांगड्या मनगटात रुतलेल्या, बोटानं दाबलं तर खड्डा पडला, भरेचना. म्हणाली, शेवंताबाई, हाई सूज शे, चुडा नंतर, पहिले दवाखानामा ली जा. मला रागच आला, शुभकामाला आलीस नि काय बोलतेस, पण कविताचं तोंड बघितलं आणि रिक्षा बोलावली.

तिथं सलाइनची सुई लावायची तर बांगड्या आड. नर्सबेन म्हणाली, माजी, काढी नाखो, म्हणजे काढून टाका. तेल लावलं, निघेनात. आता पोटुशी सुनेचा चुडा सासूनं वाढवायचा, कधी ऐकलंय का तुम्ही? पण मीच पदर हाताला गुंडाळला नि एकेक दाबून वाढवली, रडत रडत.

बीपी फार वाढलेलं. लघवी, रक्त, सगळं तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात चरबीपण पुष्कळ आहे, अजून उशीर केला असता तर झटके आले असते, आई-बाळ दोघांना धोका होता. मी विचारलं, माझ्या तुपानं झालं का? त्या म्हणाल्या, गरोदरपणात रक्तातली चरबी वाढतेच, हिची जास्त वाढली, एकट्या तुपावर ढकलू नका, पण सूज, डोकेदुखी, डोळ्यापुढं चमकणं घेऊन घरी बसायचं नसतं.

औषधांवर काही दिवस काढले, मग ऑपरेशन करून मुलगी झाली, एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. सुटलो बाई. आता चार महिन्यांची आहे, घर डोक्यावर घेते. कविताचं बीपी उतरलं, तरी तपासायची तारीख आम्ही चुकवत नाही, साडीवाला बोंबलला तरी. बारशाला पहिली साडी मंगलाबाईला नेसवली, मग तिच्याच हातून कविताला नवा चुडा भरला, सैल, खळखळ वाजणारा.

नातीच्या हातात काळ्या मण्यांची मनगटी आहे. रोज सकाळी मी मण्यांखाली बोट सरकवून बघते, रुतत तर नाही ना. तिला वाटतं आजी खेळतेय, खुदकन हसते. हस गं माय, तुला काय ठाऊक. औक्षवंत हो.